कच्च्या लिंबाची शाळा

दिवस मावळायला आला की कडेगाव, खानापूर, खटाव, कोरेगाव अशा कुठल्याही तालुक्यातल्या गावात मारुतीच्या देवळापुढं पोरांचा शिवणापाणीचा डाव रंगतो. आठ-दहा जण असतात. थोरला सहावी-सातवीतला, बाकीची त्याच्या खालोखाल, आणि सगळ्यात धाकटं पोर साडेतीन वर्षांचं, बहिणीच्या फ्रॉकचं टोक धरून आलेलं. त्याला घरी ठेवून यायची सोय नसते. आई अजून रानातून परतलेली नसते, आजी म्हशीची धार काढायला बसलेली असते. हात पालथे-उताणे टाकून चकायला सुरुवात होते, तेव्हा धाकट्याचाही हात मध्ये येतो. थोरला एकदा त्याच्याकडं आणि एकदा बहिणीकडं बघतो आणि जाहीर करतो, "ह्यो कच्चा लिंबू." डाव सुरू होतो.

कच्च्या लिंबाला पळायची मुभा असते, ओरडायची असते, पडायची तर असतेच. फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. राज्य असलेला मुलगा त्याच्यामागं मुद्दाम हळू धावतो, हात लांब करतो आणि अगदी शेवटी हुकवतो. पोरगं खिदळत बहिणीमागं दडतं. आपण खरोखर निसटलो अशी त्याची खात्री असते. वर्ष-दोन वर्षांनी एक दिवस तेच पोर पाय आपटून म्हणतं, "मी न्हाय कच्चा लिंबू. माज्यावर बी राज्य द्या." मग पोरांची पंचायत बसते आणि बहुतेक वेळा त्याला पक्कं धरायचं ठरतं. पहिलं राज्य येतं, कुणी हाताला लागत नाही, डोळे भरून येतात. पण रडलो तर उद्या पुन्हा कच्चा लिंबू व्हावं लागेल हे कळत असल्यामुळं तो ओठ दाबून पळत राहतो.

हा रिवाज कुठल्या शिक्षकानं घालून दिलेला नाही. तो पोरांनीच पोरांना दिला आणि पिढ्यान् पिढ्या चालवला. लहान मुलं एकमेकांत राहायला कशी शिकतात याचा शास्त्रीय अभ्यास गेली शंभर वर्षं जगभर चालू आहे. तो अभ्यास आणि सातारा-सांगलीकडची ही अंगणं शेजारी ठेवून पाहिली, तर अंगणातून काय मिळत होतं आणि आता काय निसटतंय, दोन्ही कळतं.

या अभ्यासात पहिलं मोठं नाव मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेचं. मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोकळ्या खेळाच्या वेळी त्यांनी एकेक मिनिट निरखलं, आणि असं पुन्हा पुन्हा, कित्येक दिवस. 1932 साली त्यांनी आपली मांडणी प्रसिद्ध केली. मूल आधी नुसतंच इकडं-तिकडं करतं, एकटंच खेळतं, मग कडेला उभं राहून इतरांचा खेळ बघतं. पुढं दुसऱ्याच्या शेजारी बसून तसलाच खेळ खेळतं, पण त्याच्याशी नाही. दोघं वाळूत भाकऱ्या थापत असतात आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो. त्यानंतर देवाणघेवाण सुरू होते आणि शेवटी कामं वाटून घेतलेला, ठरवून केलेला खेळ येतो. पुढच्या संशोधकांनी या जिन्याला बरीच दुरुस्ती केली. एकट्यानं खेळणं म्हणजे मागासलेपण नव्हे, पाच वर्षांचं मूलही रमून एकटं खेळतं, आणि शेजारी-शेजारी खेळणं ही पुष्कळदा खेळात शिरायची युक्ती असते. नवं मूल थेट "मला घ्या" म्हणत नाही. जवळ बसतं, तसंच काहीतरी करू लागतं आणि पाच मिनिटांत आत गेलेलं असतं. अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात बसून नुसतं बघणाऱ्या मुलाची काळजी करणाऱ्या आयांना हे सांगितलं पाहिजे. ते मूल रिकामं बसलेलं नाही. ते डाव समजून घेतंय.

पार्टेनबाईंच्या अभ्यासाची एक मर्यादा मात्र आपल्याकडून पाहिली की लगेच डोळ्यात भरते. तिथली सगळी मुलं जवळपास एका वयाची, एका खोलीतली, मोठ्यांच्या देखरेखीखालची. आपल्याकडं मूल असं वाढत नव्हतं. जगातही बहुतेक ठिकाणी वाढत नव्हतं. बिअ‍ॅट्रिस आणि जॉन व्हायटिंग या दाम्पत्यानं 1950च्या दशकात सहा देशांतल्या सहा वस्त्यांमधल्या मुलांचा अभ्यास घडवून आणला. त्यात उत्तर प्रदेशातलं खलापूर हे गावही होतं. त्यातून आणि पुढच्या कामातून एक गोष्ट ठळक झाली. मुलं आपल्या वयाच्या मुलांत असली की चढाओढ आणि भांडणं जास्त होतात. आपल्याहून लहान मुलांत असली की तीच मुलं सांभाळून घेणारी, समजावणारी होतात. स्वभाव तोच, पण सोबत बदलली की वागणं बदलतं. कच्च्या लिंबाला मुद्दाम हुकवणारा तो सातवीतला मुलगा म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्या क्षणी तो स्वतःचं बळ आवरतो, समोरच्याला किती जमेल याचा अंदाज घेतो आणि त्याला हसवतो. वर्गात त्याच्याच वयाच्या पन्नास मुलांमध्ये हे शिकायची संधी त्याला मिळत नाही.

या सोबतीला एक जड बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय अंगणाचं कौतुक खरं होणार नाही. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो. बीड, नगरकडून आणि आपल्याच जत, आटपाडी, माणमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि साखराळे, रेठरे, यशवंतनगर अशा कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. पहाटे आई-बाप फडात जातात. कोपीत आठ-नऊ वर्षांची मुलगी राहते आणि तिच्या कडेवर वर्षाचं भावंड. ती खेळते, नाही असं नाही. पाचटाचा ढीग करून त्यावरून उड्या मारते, पण भावंडाला उतरवून ठेवून, एक डोळा त्याच्यावर ठेवून. लहानग्याला सांभाळणं तिला माया शिकवतं, हे व्हायटिंगांच्या अभ्यासाशी जुळतं. पण दिवसभर, रोज, पाच महिने तेच केलं तर तिचं स्वतःचं खेळणं आणि शाळा दोन्ही जातात. तासाभराच्या खेळात धाकट्याला सांभाळणं वेगळं आणि आईच्या जागी उभं राहणं वेगळं. संशोधनाचा आधार घेऊन दुसऱ्याला पहिल्याचा मुलामा देऊ नये.

महाराष्ट्रात हा पेच सगळ्यात आधी ओळखला तो ताराबाई मोडकांनी. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला 1945 साली आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसोबत काम करताना त्यांना दिसलं, की मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण धाकटं घरी आहे, आणि धाकटं बालवाडीत येत नाही कारण त्याला आणणारं कुणी नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर ज्या नावानं सरकारी केंद्रं चालतात ती अंगणवाडी याच कामातून आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. पण पसरताना ताराबाईंच्या अंगणातला खेळ मागं पडला आणि वजनकाटा, खिचडी आणि रजिस्टरं पुढं आली. गावात कुणालाही विचारा, अंगणवाडी म्हणजे खाऊची शाळा.

आहार हवाच. पण नुसता आहार पुरत नाही याचा पुरावा जमैकातून आला, आणि तो फार बोलका आहे. 1986-87 मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमधली, वाढ खुंटलेली 129 मुलं निवडली गेली. वय 9 ते 24 महिने. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊ लागली, काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. घरी जाणारी सेविका टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन जायची आणि आईला सांगायची, असं खेळा, असं बोला, त्यानं काही केलं की शाबासकी द्या. दोन वर्षं हे चाललं. संशोधकांनी या मुलांचा माग सोडला नाही. ती 22 वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई, तो न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त निघाली. 2014 साली हे निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात आले. नुसत्या पूरक आहाराचा परिणाम मात्र एवढा लांब टिकला नाही. आठवड्यातला एक तास आणि रिकाम्या डब्यांची खेळणी. आपल्या अंगणवाडी सेविकेला रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या नोंदी यांतून एवढा वेळ मोकळा करून देणं कुठल्याही जिल्हा परिषदेला अशक्य नाही.

आता खेळाच्या आतच जरा डोकावू. सांगलीकडं उसाच्या पट्ट्यात पाच वर्षांचा मुलगा अर्धी वीट जमिनीवर घासत नेतो, तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढतो. मागं आणखी दोन विटांचे तुकडे, त्या दोन ट्रॉल्या. वर वाढ्याचे तुकडे रचलेले. वळणावर तो थांबतो, मागं वळून बघतो आणि हळू घेतो, कारण "ट्रॉली पलटी हुईल." वीट पलटी होणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1933 साली लेनिनग्राडमधल्या एका व्याख्यानात नेमकं यावर बोट ठेवलं होतं. नाटकी खेळात मूल मनाला येईल ते करतं असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात ते स्वतःला नियमात बांधून घेतं. त्यांनी दिलेलं उदाहरण दोन सख्ख्या बहिणींचं आहे. एक पाच वर्षांची, एक सात वर्षांची. त्या ठरवतात, आपण बहीण-बहीण खेळू. एरवी ज्या नुसत्या एका घरात राहतात, त्या खेळात एकमेकींचा हात धरून चालतात, सारखं बोलतात, कारण बहिणी अशा वागतात. भातुकलीत हेच रोज घडतं. "तू काल आई झालतीस, आज माझी पाळी" यावर दहा मिनिटं वाद होतो, स्वयंपाक तीन मिनिटांत उरकतो. मोठ्या माणसाला वाटतं, भांडण्यात वेळ गेला. खरं तर त्या दहा मिनिटांसाठीच भातुकली असते. त्यात मूल आपलं म्हणणं मांडतं, दुसऱ्याचं ऐकतं, हट्ट कुठं सोडायचा ते ठरवतं. सोडला नाही तर भिडू उठून जातात हेही त्याला कळतं.

नियमांचा असाच माग स्वित्झर्लंडमध्ये जाँ पियाजे यांनी काढला. ते मुलांबरोबर गोट्या खेळायला बसले आणि म्हणाले, मला येत नाही, शिकवा. मग विचारलं, हा नियम बदलता येईल का? धाकटी मुलं म्हणाली, छे, नियम मोठ्यांनी केलेले, ते बदलत नसतात. दहा-बारा वर्षांची म्हणाली, सगळ्यांनी कबूल केलं तर बदलेल. लोकशाहीची पहिली ओळख मुलांना गोट्यांच्या गलीपाशी होते. आपल्याकडं पेठेतला मुलगा मामाच्या गावी गेला की पहिला वाद यावरच असतो, "आमच्याकडं असं नसतंय." 1932च्या त्यांच्या पुस्तकात एक विधान मात्र मला कधी पटलेलं नाही. गोट्यांइतके बारीक नियम असलेला मुलींचा एकही खेळ आपल्याला आढळला नाही, असं ते म्हणतात. साताऱ्याच्या एखाद्या वाड्याच्या पडवीत सागरगोट्यांचा डाव बघायला ते एक दुपार बसते, तर हे वाक्य त्यांनी लिहिलं नसतं. एक झेलायचा तोवर दुसरा उचलायचा, हलला तर बाद, शेजारच्याला धक्का लागला तर बाद, आणि बाद झालं की नाही यावर चार मुलींचा एकमतानं निवाडा. ज्यानं जे अंगण पाहिलं नाही त्याच्या सिद्धांतात ते येत नाही. म्हणून आपल्या अंगणांचा अभ्यास आपण करायला हवा.

मातीतल्या झोंबाझोंबीचंही तसंच. हा मुलूख तालमींचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. तरीही आज बालवाडीत दोन पोरं एकमेकांना भिडली की मोठी माणसं धावून जाऊन सोडवतात. अँथनी पेलेग्रिनी, पीटर स्मिथ अशा संशोधकांनी शाळेच्या मैदानांवर ही झोंबाझोंबी वर्षानुवर्षं पाहिली आणि तिच्यातून खरी मारामारी फार क्वचित उद्भवते असं दाखवलं. फरक ओळखायच्या खुणा साध्या आहेत. खेळातल्या पोराचा चेहरा हसरा असतो आणि हात उघडा. मारामारीत कपाळाला आठ्या आणि मूठ वळलेली. खेळात जोरदार गडी आपणहून खाली पडतो, दुबळ्याला छातीवर बसू देतो, नाहीतर पुढच्या वेळी कुणी भिडणारच नाही. खेळ संपल्यावर दोघं एकत्रच राहतात, मारामारीनंतर पांगतात. पेलेग्रिनींना आणखी एक दिसलं. ज्यांना इतर मुलं आपल्यात घेतात, त्यांची झोंबाझोंबी पुढं नियमाच्या खेळात बदलते. ज्यांना कुणी घेत नाही त्यांची भांडणात. मदत हवी असते ती या दुसऱ्या मुलांना, आणि तिचा मार्ग झोंबाझोंबीवर सरसकट बंदी हा नाही.

शाळेनं यातलं काही आत घ्यायचं ठरवलं तर जमतं, हे सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटनं दाखवलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी पहिली-दुसरीच्या वर्गातली बाकं हलवली, फरशीवर आखणी केली, खडे, बिया, काड्या मुलांच्या हातात दिल्या आणि गटागटानं बसवलं. मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, हा ज्ञानरचनावाद तिथं जमिनीवर उतरला. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला येऊ लागल्या, आणि जून 2015 मध्ये सरकारनं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम काढला तेव्हा हेच काम डोळ्यापुढं होतं. त्याआधी फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी 1986 साली कमला निंबकर बालभवन सुरू केलं. ज्या कमलाबाईंचं नाव शाळेला दिलं त्यांनी 1950 साली मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू करून भारतात या शास्त्राचा पाया घातला. हाताला रमवणारं काम माणसाला उभं करतं हा त्या शास्त्राचा गाभा, आणि लहान मुलाचं असं काम म्हणजे खेळ. बालभवननं सगळ्या जातींची, सगळ्या थरांतली मुलं एका वर्गात आणली, हे मला त्याहून मोठं वाटतं. भिडू कोण असावा हे मूल ठरवत नाही; मोठ्यांनी वस्त्या, शाळा आणि माध्यमं वेगळी करून ते आधीच ठरवलेलं असतं.

आता मोहित्यांच्या वडगावाकडं येतो. कडेगाव तालुक्यातलं हे गाव 2022 मध्ये देशभरच्या बातम्यांत झळकलं. कोरोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती मोबाइल आला तो सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी विषय मांडला आणि 14 ऑगस्टला महिलांच्या ग्रामसभेत ठराव झाला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार, टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. एका घरानं बंद करून भागत नाही, शेजारचा टीव्ही चालूच राहतो. सगळ्या गावानं एकदम बंद केला तरच मुलाला बंद करावासा वाटतो. हे या ठरावातलं शहाणपण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त पडदा नको आणि दीड वर्षाच्याला तर अजिबातच नको, पण किमान तीन तास हालचाल हवी. वडगावनं त्यातला पहिला भाग गावाच्या बळावर करून दाखवला.

माझं म्हणणं एवढंच, की तो दीड तास अभ्यासासाठी आहे. दहावीच्या मुलाला तो हवाच. सहा वर्षांखालच्या मुलाला मात्र पाटी-पुस्तकापेक्षा गल्लीतली पोरं जास्त हवीत, आणि तीही उजेड असताना. तेव्हा सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायत सदस्यांना, अंगणवाडी सेविकांना आणि आई-बापांना कळकळीची विनंती आहे. सहा ते सात ही वेळ गावानं खेळासाठी राखावी. देवळापुढची जागा ट्रॉल्या आणि मोटारसायकली लावायला देऊ नये. थोरल्यांना क्लास आणि धाकट्यांना वेगळी नर्सरी अशी ताटातूट निदान त्या तासापुरती थांबवावी, म्हणजे कच्चा लिंबू घ्यायला पक्के भिडू असतील. विश्रामबागेतल्या आणि सदर बझारातल्या अपार्टमेंटनी पार्किंगमधला एक कोपरा मोकळा करावा. मोठ्यांनी लांब बसावं, कुणी पडून लागलं तरच उठावं. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. येईल त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला लावा. त्यासाठी एका पानाचा अर्ज पुरतो.